निरोप आला नाही, म्हणजे लाल

रेल्वेचे वेड असलेली माणसे फलाटावर लगेच ओळखू येतात. इतर प्रवासी डब्याच्या दाराकडे धावत असतात तेव्हा ही मंडळी फलाटाच्या टोकाला उभी राहून पिवळा दिवा हिरवा कधी होतो ते पाहत असतात. इंजिनांचे क्रमांक, घाटातले चढ, कोणत्या स्थानकात कोणत्या बाजूचा सिग्नल आधी पडतो, हे सगळे त्यांना तोंडपाठ असते. अशा माणसाने मुंबईच्या भुयारी मेट्रोत पाऊल ठेवले की त्याची पंचाईत होते, कारण पाहायला सिग्नलच सापडत नाही.

आरे ते कफ परेड ही मेट्रो ३ सुमारे ३३.५ किलोमीटर लांबीची आहे. तिच्या २७ स्थानकांपैकी २६ जमिनीखाली आहेत. पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला, तर दक्षिण मुंबईतला शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये. फलाटाच्या कडेला छतापर्यंत काचेची भिंत आहे. गाडी येते, तिची दारे काचेच्या दारांसमोर नेमकी येऊन थांबतात, दोन्ही दारे एकदम उघडतात. रूळ नीट दिसत नाहीत, खांब नाहीत, दिवे नाहीत. चालकही बोगद्यातल्या दिव्यांकडे पाहून गाडी हाकत नाही. मग या गाडीला ‘थांब’ असे सांगते कोण?

हा प्रश्न कुडपणसारख्या गावातून मुंबईत आलेल्या एखाद्या रेल्वेवेड्याला अधिक जवळचा वाटावा. पोलादपूर तालुक्यातले कुडपण सह्याद्रीच्या डोंगरात, सातारा जिल्ह्याच्या हद्दीजवळ आहे. पावसाळ्यात तिथे धुके, धबधबे आणि दरडी. रेल्वे गाठायची तर डोंगर उतरून वीर किंवा करंजाडीसारख्या कोकण रेल्वेच्या स्थानकावर जायला हवे. या तालुक्यातल्या घराघरांतून कोणी ना कोणी कामधंद्यासाठी मुंबईत असतो. गावाकडे म्हातारे आई-वडील, इकडे मुलगा, आणि मध्ये फोनची रेंज. चार दिवस फोन आला नाही, तर मुंबईतले घर काय म्हणते? ‘काही निरोप नाही, म्हणजे सगळे बरे असेल.’

रेल्वेचे सिग्नल नेमके याच्या उलट नियमावर चालतात. निरोप आला नाही, तर काहीतरी बिघडले आहे असे धरायचे आणि गाडी थांबवायची. दीडशे वर्षे हा नियम माणसांचे प्राण वाचवत आला आहे. वैद्यकशास्त्रालाही तो चांगला परिचित आहे. पण आपल्या घरांत आणि दूरच्या गावांच्या आरोग्यव्यवस्थेत तो अजून पुरता उतरलेला नाही.

रुळांतून वाहणारा होकार

पुढच्या मार्गावर गाडी आहे की नाही, हे सिग्नलला कसे कळते? अमेरिकेत विल्यम रॉबिन्सन याने १८७२ मध्ये यावर एक साधा उपाय शोधला. रुळांचा एक तुकडा बाकीच्या रुळांपासून विजेच्या दृष्टीने वेगळा करायचा. एका टोकाकडून दोन्ही रुळांत हलका प्रवाह सोडायचा. दुसऱ्या टोकाला विद्युतचुंबक असलेला रिले ठेवायचा. प्रवाह रिलेपर्यंत पोहोचतो तोवर चुंबक एक पट्टी वर उचलून धरतो आणि सिग्नल हिरवा राहतो. त्या तुकड्यावर गाडी आली की तिच्या लोखंडी चाकांतून आणि आसातून प्रवाह मधल्यामध्ये परततो. रिलेपर्यंत काही पोहोचत नाही, पट्टी स्वतःच्या वजनाने खाली पडते आणि दिवा लाल होतो.

यातली खरी हुशारी गाडी ओळखण्यापुरती नाही. रूळ तुटला, तार कुरतडली गेली, बॅटरी संपली, तरीही पट्टी खालीच पडते. गाडी पुढे जायची असेल तर रुळांनी दर क्षणाला ‘हो, मोकळे आहे’ असे सांगत राहावे लागते. तो होकार थांबला की कारण विचारत न बसता लाल. म्हणजे यंत्र बिघडले तरी ते सुरक्षित बाजूला बिघडते.

त्याच सुमारास जॉर्ज वेस्टिंगहाउस याने गाडीच्या ब्रेकला हाच नियम लावला. ब्रेक लावण्यासाठी नळीत हवा सोडायची, असे त्याच्या पहिल्या रचनेत होते. नळी फुटली की ब्रेक गेला. सुधारलेल्या रचनेत त्याने उलटे केले. नळीत हवेचा दाब आहे तोवर ब्रेक सुटलेला राहतो, दाब गेला की प्रत्येक डब्याचा ब्रेक आपोआप लागतो. चालत्या गाडीचे डबे मध्येच सुटले, तरी सुटलेले डबे स्वतःहून थांबतात.

रस्त्यावर अशी सोय नसते, हे महाड आणि पोलादपूरकरांना कोणी सांगायला नको. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. रस्ता नेहमीसारखाच दिसत होता, पाऊस कोसळत होता, आणि पुढे पूल उरला नव्हता. दोन एसटी गाड्या आणि इतर वाहने प्रवाशांसह नदीत गेली. पूल नाहीसा झाल्याची खबर मागून येणाऱ्या चालकांना देणारे काहीही त्या रस्त्यावर नव्हते. जवळच्या गॅरेजमधल्या एका कामगाराच्या लक्षात आले आणि त्याने येणारी वाहने अडवली, म्हणून पुढचे बळी टळले. त्या रात्रीचा लाल दिवा एक माणूस होता, आणि तो तिथे असणे हा योगायोग होता.

रुळांतला प्रवाहदेखील सर्वज्ञ नाही. खालचा भराव वाहून गेला आणि रूळ अखंड लोंबकळत राहिले, तर प्रवाह वाहतच राहील आणि दिवा हिरवाच दिसेल. म्हणूनच कोकण रेल्वे पावसाळ्यात धोक्याच्या जागी दिवसरात्र गस्त ठेवते आणि गाड्यांचा वेग कमी करणारे वेगळे वेळापत्रक लावते. यंत्राला जे कळत नाही, ते पाहायला माणूस पाठवावा लागतो.

बोगद्यातला संवाद

भुयारी मेट्रोत हाच नियम रेडिओलहरींवर चालतो. मेट्रो ३ च्या आठ डब्यांच्या गाड्या आणि त्यांची सिग्नल यंत्रणा आल्स्टॉम या फ्रेंच कंपनीने पुरवली आहे. गाड्या आंध्र प्रदेशातल्या श्रीसिटी येथे तयार झाल्या. रुळांच्या मध्ये ठरावीक जागी ‘बीकन’ बसवलेले असतात. त्यांच्यावरून जाताना गाडीला आपण नेमके कुठे आहोत ते कळते. दोन बीकनच्या मध्ये ती चाकांच्या फेऱ्यांवरून अंतर मोजते. ही माहिती ती रेडिओने सतत मार्गालगतच्या संगणकाला कळवते आणि संगणक तिला सांगतो, ‘इथपर्यंत ये, त्यापुढे नाही.’

जुन्या पद्धतीत मार्गाचे ठरावीक तुकडे असत आणि एका तुकड्यात एकच गाडी. नव्या पद्धतीत मोकळी ठेवायची जागा गाडीबरोबरच सरकते. पुढची गाडी पुढे गेली की मागचीची हद्द तेवढी पुढे वाढते. त्यामुळे दोन गाड्यांतले अंतर कमी करता येते आणि त्याच बोगद्यातून तासाला जास्त गाड्या सोडता येतात.

रेल्वेवेड्याला सर्वात रस वाटावा अशी गोष्ट मात्र पुढची आहे. हा संगणक गाडीने सांगितलेल्या जागेवर पूर्ण विश्वास ठेवत नाही. चाक घसरले असेल, मोजणी थोडी चुकली असेल, असे धरून तो गाडीच्या मागेपुढे संशयाची जागा सोडतो. माहिती जितकी अनिश्चित, तितकी ही जागा मोठी. आणि ठरलेल्या वेळेत निरोपच आला नाही, तर गाडी स्वतःहून ब्रेक लावते. संगणकही त्या गाडीची शेवटची ठाऊक असलेली जागा व्यापलेली आहे असे धरून मागच्या गाडीला रोखतो. गप्प झालेली गाडी ‘नाही’ असे तो कधीच मानत नाही.

स्वयंचलनाच्या पायऱ्या चारपर्यंत मोजतात. चौथ्या पायरीवर गाडीत एकही कर्मचारी लागत नाही. दिल्लीच्या मजेंटा मार्गावर डिसेंबर २०२० मध्ये भारतातली पहिली चालकरहित मेट्रो सेवा सुरू झाली. मेट्रो ३ ची यंत्रणा त्या पायरीसाठी सक्षम आहे, पण सेवा सुरू करताना गाडीत चालक ठेवूनच ती सुरू झाली. गाडी स्वतः धावू शकत असेल, तर चालकाला काढायचे की ठेवायचे, या प्रश्नात अभियांत्रिकीइतकाच मेंदूच्या शास्त्राचाही भाग आहे.

टक लावून पाहणारा मेंदू

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाईदलाला एक कोडे पडले होते. रडारच्या पडद्यासमोर बसलेले चांगले प्रशिक्षित जवान शत्रूच्या पाणबुडीची खूण समोर असूनही ती का चुकवतात? मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी त्यासाठी घड्याळासारखे एक यंत्र बनवले. काटा टप्प्याटप्प्याने पुढे सरके आणि क्वचित, अनपेक्षितपणे, एकदम दोन टप्पे उडी घेई. ती उडी दिसली की कळ दाबायची, एवढेच काम. माणसे दोन तास बसवली गेली. पहिल्या अर्ध्या तासानंतरच उड्या चुकू लागल्या. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाने दाखवले की, क्वचित घडणाऱ्या गोष्टीची वाट पाहत बसणे हे मेंदूला न जमणारे काम आहे. हा आळस नव्हे, शिस्तीचा अभावही नव्हे. मेंदूची घडणच तशी आहे.

त्यात झोपेची भर पडते. शरीराचे घड्याळ उजेडावर लावलेले असते आणि पहाटेच्या वेळी सावधपणा सर्वात खाली जातो. अपुऱ्या झोपेत काही सेकंदांची डुलकी डोळे उघडे असतानाही लागू शकते आणि ती लागली होती हे त्या माणसालाही कळत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी चार सेकंदांत जवळपास ९० मीटर पुढे जाते. एकसारखा अंधार, एकसारखा आवाज आणि दर दोन मिनिटांनी तेच तेच, असा बोगदा या डुलकीला फार पोषक.

यावर रेल्वेने काढलेला जुना उपाय म्हणजे ‘डेड मॅन्स हँडल’. चालकाने मूठ सतत दाबून धरायची. तो कोसळला, हात सुटला की गाडी थांबते. पुन्हा तोच नियम, होकार थांबला की ब्रेक. पण मूठ दाबलेली असणे आणि मन जागेवर असणे या दोन गोष्टी एकच नाहीत. २८ फेब्रुवारी १९७५ च्या सकाळी लंडनच्या भुयारी रेल्वेत मूरगेट स्थानकात एक गाडी थांबलीच नाही. शेवटचे स्थानक असूनही ती फलाटावरून वेगात पुढे गेली आणि पलीकडच्या बंद बोगद्याच्या भिंतीवर आदळली. चालकासह ४३ जण मृत्युमुखी पडले. गाडीच्या ब्रेकमध्ये दोष सापडला नाही. शवविच्छेदनात चालकाला झटका किंवा पक्षाघात आल्याची खूण मिळाली नाही. त्या शेवटच्या सेकंदांत त्याच्या मनात काय चालले होते, याचे उत्तर आजवर मिळालेले नाही.

या अपघातानंतर लंडनमध्ये शेवटच्या स्थानकांवर गाडीचा वेग मर्यादेबाहेर असेल तर तिला आपोआप थांबवणारी यंत्रणा बसवली गेली. चालकाच्या मनात काय आहे हे यंत्राला कळू शकत नाही, पण वेग कमी होतो आहे की नाही हे कळते. ‘मी सावध आहे’ या होकाराऐवजी ‘गाडी खरोखर मंदावते आहे’ हा होकार मागितला गेला. रुग्णालयातही असेच असते. ‘कसे वाटते?’ या प्रश्नाला ‘बरे वाटते’ हे उत्तर मिळाले, तरी परिचारिका नाडी, श्वास आणि रक्तदाब मोजतेच.

हृदयातली उतरंड

निसर्गाने हा नियम फार आधी वापरला आहे. हृदयाच्या उजव्या कप्प्याच्या वरच्या भागात साइनस नोड नावाचा पेशींचा छोटा पुंजका असतो. तो मिनिटाला साधारण ६० ते १०० वेळा विजेचा ठोका देतो. तो ठोका खाली येताना मधल्या नोडमध्ये सुमारे एक दशांश सेकंद रोखला जातो, म्हणजे वरचे कप्पे रिकामे झाल्यावरच खालचे आकुंचन पावतात. एकदा ठोका गेला की स्नायू काही क्षण दुसरा ठोका स्वीकारतच नाही. मागचा मार्ग मोकळा होईपर्यंत पुढचा ठोका आत नाही, असा हा सिग्नलचाच प्रकार.

पण वरचा पुंजकाच गप्प झाला तर? खालच्या केंद्रांना स्वतःचा ठोका देण्याची क्षमता असते, एरवी वरून येणारे जलद ठोके ती दाबून ठेवतात. वरून ठोका येणे थांबले की थोड्या वेळाने मधले केंद्र मिनिटाला ४० ते ६० च्या गतीने सुरू होते. तेही गप्प झाले, तर सर्वात खालचे स्नायू २० ते ४० च्या गतीने कसेबसे काम चालवतात. कोणी हुकूम सोडत नाही. वरची शांतता हाच हुकूम. शस्त्रक्रियेने बसवलेला पेसमेकरही असाच काम करतो. तो हृदयाचे ठोके ऐकत राहतो आणि ठरलेल्या अवधीत ठोका आला नाही, तरच स्वतःचा देतो. तो शांततेला बिघाड मानतो, म्हणून रुग्ण उभा राहतो.

खोटा होकार आणि कंटाळलेले कान

मग सगळे यंत्राकडे सोपवून मोकळे व्हावे का? २२ जून २००९ रोजी वॉशिंग्टनच्या मेट्रोत याचे उत्तर मिळाले. रुळांतल्या प्रवाहावर चालणाऱ्या यंत्रणेत एक विचित्र बिघाड होता. मार्गावर गाडी उभी असतानाही खोटा संकेत तयार होत होता आणि यंत्रणा ‘मोकळे आहे’ असे समजत होती. मागून येणारी स्वयंचलित गाडी वेगात पुढे आली. चालक महिलेने समोरची गाडी दिसताच ब्रेक लावला, पण उशीर झाला होता. ती आणि आठ प्रवासी मृत्युमुखी पडले. वैद्यकीय भाषेत सांगायचे, तर आजार असूनही तपासणी निर्दोष यावी, तसे हे झाले.

चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. रुळांच्या यंत्रणेतल्या बिघाडाच्या सूचना नियंत्रण कक्षात रोज इतक्या येत होत्या की त्यांचे गांभीर्यच उरले नव्हते. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्यांना हे नवे नाही. प्रत्येक खाटेजवळचे यंत्र सतत वाजत राहिले की कान त्याला सरावतात आणि खरी हाक गोंगाटात हरवते. प्रत्येक शांतता लाल मानायची, तर लाल दिव्याची किंमतही राखावी लागते. क्षुल्लक कारणांसाठी वाजणाऱ्या घंटा बंद करणे हा सुरक्षिततेचाच भाग आहे.

आणि यंत्रणेला ज्याबद्दल काही विचारलेलेच नाही, ते तिला कळत नाही. २६ मे २०२५ रोजी मुसळधार पावसात मेट्रो ३ च्या आचार्य अत्रे चौक स्थानकात पाणी शिरले. गाड्या कुठे आहेत हे ठाऊक असणे आणि जिन्यावरून पाणी उतरते आहे हे ठाऊक असणे, या वेगळ्या गोष्टी. गाड्या वरळीपर्यंतच चालवण्याचा निर्णय माणसांनीच घेतला. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ लिझन बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच हा पेच मांडला होता. यंत्र जितके विश्वासू, तितका माणसाचा सराव कमी होतो. आणि नेमका कठीण प्रसंग येतो तेव्हा यंत्र त्याच माणसाकडे सूत्रे सोपवते. म्हणून सोपे, एकसुरी काम यंत्राला द्यावे आणि माणसाला अनपेक्षित प्रसंगाचा सराव देत राहावे, असाच कल आज दिसतो.

शांत रुग्ण, शांत गाव

आजारातही सर्वात फसवी गोष्ट म्हणजे शांतता. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या अभ्यासातून हे जगासमोर ठेवले. १९७६ मध्ये महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम सुरू केल्यापासून ते अशा रुग्णांच्या उशाशी बसून तासातासाची नोंद ठेवत होते. दंशाच्या जागी तीव्र कळ आणि बाकी काही नाही, असा ओरडणारा रुग्ण बहुधा बचावतो. कळ फारशी नाही, पण अंग घामाने भिजलेले, हातपाय थंडगार, नाडी जलद, असा रुग्ण धोक्यात असतो. काही तासांत त्याच्या फुप्फुसात पाणी भरू शकते. अशा रुग्णांसाठी प्राझोसिन या औषधाचा उपयोग बावस्करांनी दाखवला आणि ‘लॅन्सेट’मध्ये १९८६ साली तो प्रसिद्ध झाला. कळ नाही म्हणून रुग्णाला घरी पाठवणे, म्हणजे पुढचा मार्ग न पाहता हिरवा दिवा देणे.

डोंगरातल्या घरांना असे आणखी काही दिवे ठाऊक असायला हवेत. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, तेव्हा अनेकदा दुखत नाही, सूज येत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखणे, पापण्या जड होणे, गिळता न येणे, हेच काय ते संकेत. अशा वेळी मांत्रिकाकडे किंवा घरगुती उपायांत वेळ न घालवता श्वास चालू असतानाच रुग्णालय गाठायला हवे. मधुमेहाच्या रुग्णाला हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. अचानक दम लागणे, घाम येणे, गळून जाणे एवढेच दिसते. पोटातल्या बाळाची हालचाल नेहमीपेक्षा मंदावली, तर ‘बाळ झोपले असेल’ म्हणून सकाळची वाट पाहायची नाही. नवजात बाळ रडत नाही, दूध ओढत नाही, नुसते झोपून राहते, तर ते ‘गुणी’ नाही, आजारी आहे असे आधी समजायचे. उच्च रक्तदाबात तर वर्षानुवर्षे काहीच जाणवत नाही. ‘त्रास नाही’ म्हणून गोळी सोडणारा माणूस प्रवाह तुटलेल्या रुळांवरून गाडी हाकत असतो.

जे एका रुग्णाचे, तेच गावाचे. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे गाडली गेली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही दरडींनी बळी घेतले. पुराने रस्ते तुटले होते, फोन बंद होते. तळियेतून मदतीची हाक बाहेर पोहोचायला आणि मदत आत पोहोचायला फार वेळ गेला. डोंगरातले गाव अतिवृष्टीत गप्प झाले, तर ते सुखरूप आहे असे धरायचे की संकटात आहे असे? सिग्नल यंत्रणेचे उत्तर ठरलेले आहे. ज्या गावाकडून ठरल्या वेळी खुशाली आली नाही, त्या गावाकडे आधी माणूस पाठवायचा.

आरोग्यसेवेत या नियमाची बीजे आहेत. प्रसूतीनंतर आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाला पाहायला घरी जाते; कोणी बोलावण्याची वाट पाहत नाही. क्षयरोगाच्या उपचारात भारतात एक साधी युक्ती वापरली गेली. गोळी काढली की पाकिटात दडलेला फोन क्रमांक दिसतो आणि रुग्ण त्यावर मिस्ड कॉल देतो. कॉल आला नाही की त्याचे नाव यादीत वर येते आणि कार्यकर्ता विचारपूस करतो. अर्थात गोळी न घेताही कॉल देता येतो, म्हणजे वॉशिंग्टनसारखा खोटा होकार इथेही शक्य आहे. म्हणून अधूनमधून प्रत्यक्ष भेट हवीच.

पण बहुतेक ठिकाणी अजून उलटेच चालते. रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला महिनाभर न आलेल्या रुग्णाचे नाव वहीत तसेच राहते आणि जो आला त्याचीच तपासणी होते. न आलेल्यांची यादी हीच दवाखान्याची पहिली यादी असायला हवी. त्यासाठी महागडा संगणक लागत नाही. वहीत पुढच्या भेटीची तारीख, ती उलटली की फोन, फोन लागला नाही की त्या वाडीत जाणाऱ्या कोणाकडे तरी निरोप, आणि तोही आला नाही की भेट. हृदयातल्या उतरंडीसारखी ही एकाखाली एक सोय. मात्र अशा याद्या शंभर झाल्या तर त्यांचाही गोंगाट होईल, म्हणून गरोदर माता, नवजात बाळे, क्षयरुग्ण आणि एकटे राहणारे वृद्ध यांच्यापासून सुरुवात करावी. आणि हे काम करणारी आशा एकटी, थकलेली आणि चार गावांत विभागलेली असेल, तर मॅकवर्थच्या घड्याळासमोर बसवलेल्या जवानासारखीच तिचीही चूक होणार, हेही लक्षात ठेवावे.

घरातही हा नियम लावता येतो. मुंबईतल्या मुलाने आणि कुडपणमधल्या आई-वडिलांनी फोनची एक वेळ ठरवावी. फोन आला नाही, तर शेजारच्या कोणाला विचारायचे, ते आधीच ठरलेले असावे. पावसाळ्याच्या तोंडावर प्रसूतीची तारीख जवळ आलेल्या बाईने रस्ता बंद होण्याची वाट न पाहता रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे मुक्काम हलवावा. मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या संपण्याआधी आठ दिवस त्या आणून ठेवाव्यात, कारण आंबेनळी किंवा कशेडी घाटात दरड कधी येईल हे सांगता येत नाही. ठरलेला फोन वाजला नाही, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता त्याच संध्याकाळी चौकशी करावी.